मेंदूवर काम करतेस ना, मग सांग

मागे एकदा आत्याने फोनवर सहज विचारलं, "तू मेंदूवर काम करतेस ना गं, मग मला सांग, मला माणसांची नावंच का आठवत नाहीत? चेहरा लख्ख समोर येतो, कुठे भेटलो ते आठवतं, काय बोललो तेही आठवतं, नाव तेवढं येत नाही." आणि मी, म्हणजे जी तेव्हा दोन वर्षं रोज दहा-दहा तास मेंदूच्या पेशींचं रेकॉर्डिंग करत होते ती मी, चक्क गप्प बसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "वय झालं आत्या." त्यावर ती म्हणाली, "ते मलाही कळतं, त्याला तुझी डिग्री कशाला?" आणि विषय बदलला.

तेव्हा हसले मी, पण ते डोक्यातून गेलं नाही. स्मरणशक्तीवरच तर काम करत होते की मी! थीसिसच्या पहिल्याच ओळीत 'मेमरी' हा शब्द होता. आणि एका साध्या माणसाने मेमरीबद्दल साधा प्रश्न विचारला तर माझ्याकडे सांगायला शून्य.

माझं काम म्हणजे पॅच क्लॅम्प. माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. रॅटच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या, आठवणींशी जोडलेल्या भागाचा ०.३ मिलिमीटर जाडीचा काप घ्यायचा, आम्ही त्याला स्लाइसच म्हणायचो, तो क्षार आणि ग्लुकोज घातलेल्या पाण्यात ठेवायचा ज्यात सतत ऑक्सिजनचे बुडबुडे सोडलेले असतात, मग मायक्रोस्कोपखाली बघत बघत एका पेशीवर काचेची बारीक नळी टेकवायची, जिचं टोक एक-दोन मायक्रॉनचं असतं, आणि नळीला जोडलेल्या ट्यूबमधून तोंडाने अगदी हलकेच हवा ओढायची. हो, तोंडाने. लाखोंचे ॲम्प्लिफायर, हवेवर तरंगणारं टेबल, आणि सगळ्यात नाजूक स्टेप तोंडाने. सील लागलं, म्हणजे नळी पेशीला घट्ट चिकटली, तर दिवस चांगला, नाही लागलं तर दुसरी पेशी. आणि सील लागलं की खरंच जादू वाटते, एका जिवंत पेशीचं व्होल्टेज स्क्रीनवर हलताना दिसतं, मला अजूनही त्याचं कौतुक आहे.

पण त्या स्लाइसला डोळे नाहीत, कान नाहीत, तिला भूक लागत नाही, तिला कुठे जायचं नसतं. उरलेल्या मेंदूशी तिची सगळी वायरिंग कापलेली. आणि ते पाणी! आम्ही त्यात कॅल्शियम साधारण २ मिलिमोलर ठेवायचो, बरेच लोक तेवढंच किंवा जास्त ठेवतात, कारण मग सिग्नल मोठे आणि छान दिसतात. जिवंत मेंदूत पेशींच्या बाहेर ते त्याहून कमी असतं, १ ते १.३ च्या आसपास. वाटेल की एवढ्याशा फरकाने काय होतंय. तर २०२० मध्ये एक पेपर आला, त्यात त्यांनी कॅल्शियम शरीरातल्या पातळीवर आणलं आणि जुनाच प्रयोग परत केला, दोन न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, ठरावीक अंतराने पाठोपाठ पेटवले की त्यांच्यातला सायनॅप्स, म्हणजे दोघांमधला सांधा, मजबूत होतो हा तो प्रसिद्ध नियम, पाठ्यपुस्तकात सुबक आकृतीसकट असतो. तर तो नियम तसा उरलाच नाही. सायनॅप्स मजबूत करायचा तर न्यूरॉन जास्त वेगाने किंवा झुपक्याझुपक्याने पेटवावे लागले. म्हणजे शिकण्याचा नियम म्हणून आपण जे शिकवतो त्यातला काही भाग तरी पाण्यात किती मीठ घातलं त्यावर अवलंबून होता. हा पेपर वाचला तेव्हा मी लॅब सोडून झाले होते, तरी पोटात गोळा आला.

इंटिग्रेटिव्ह न्यूरोसायन्स हा शब्द मला तोपर्यंत उगाच भारदस्त वाटायचा. मराठीत एकात्मिक म्हणावं तर परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं, म्हणून इंटिग्रेटिव्हच ठेवते. मला वाटायचं याचा अर्थ सगळ्यांनी सगळं थोडंथोडं करायचं, जीन्स पण, पेशी पण, स्कॅन पण, वागणूक पण, आणि शेवटी एका मोठ्ठ्या आकृतीत बाण काढून जोडून टाकायचं. आता माझं मत वेगळं आहे. एका पातळीवर जे सापडलं त्याची चूक दुसऱ्या पातळीवर पकडली जायला हवी, एवढंच. ढीग करून काही होत नाही, एकमेकांची उलटतपासणी व्हायला हवी.

ढीग करून का होत नाही, त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे चिपवाला प्रयोग. योनास आणि कोर्डिंग या दोघांनी २०१७ मध्ये मेंदूऐवजी एक जुना मायक्रोप्रोसेसर घेतला, ६५०२ नावाचा, १९७५ सालचा, सुरुवातीच्या अटारी आणि ॲपलमध्ये असायचा तो. साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, म्हणजे बारीक विजेचे स्विच, आणि प्रत्येक तार माहीत असलेली कारण माणसानेच बनवलीये. मग त्याच्या सिम्युलेशनवर तीन व्हिडिओ गेम चालवले आणि न्यूरोसायन्सवाले मेंदूवर जे जे करतात ते सगळं त्या चिपवर केलं. एकेक ट्रान्झिस्टर काढून बघितला, की याच्याशिवाय गेम चालतो का. तर असे काही ट्रान्झिस्टर सापडले की ते काढले तर फक्त डाँकी काँग बंद पडतो, बाकीचे गेम चालू! मेंदूचा पेपर असता तर मथळा तयारच होता, 'डाँकी काँगचं केंद्र सापडलं'. आणि प्रत्यक्षात ते ट्रान्झिस्टर बिचारे कुठलीतरी किरकोळ बेरीज नाहीतर आकड्यांची हलवाहलव करत असणार जी योगायोगाने त्या एका गेमला लागते. सगळा डेटा होता, हवा तितका, कसलाही गोंगाट नसलेला, आणि तरी नेहमीच्या पद्धतींनी ही चिप आकडे कसे वाचते, सूचना कशा पाळते यातलं धड काहीच बाहेर आलं नाही. मी हा पेपर आधी विनोद म्हणून वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू येईना, कारण स्लाइसमध्ये मी वेगळं काय करत होते?

कोणी म्हणेल की मग पूर्ण वायरिंगच काढा ना, एकदाचं कळेल. तेही झालंय. सी एलिगन्स नावाचा एक मिलिमीटरचा किडा आहे, त्याचे न्यूरॉन बरोब्बर ३०२. त्याचा संपूर्ण नकाशा १९८६ मध्ये छापून आला, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो हाताने ट्रेस करून करून केलेला, काय चिकाटी असेल लोकांची! चाळीस वर्षं होत आली. तो नकाशा समोर ठेवून किडा पुढच्या क्षणाला काय करेल हे अजूनही नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही. कारण नकाशात रस्ते दिसतात, वाहतूक नाही. कुठला सायनॅप्स किती जोराचा, कुठला पेटवणारा आणि कुठला दाबणारा, हे तारांच्या फोटोत धड दिसत नाही, आणि शिवाय न्यूरोपेप्टाइड वगैरे रसायनं तारेबिरेशिवाय इकडून तिकडे पसरतात आणि सगळ्या सर्किटचा मूडच बदलून टाकतात.

हे मूड बदलणं सगळ्यात छान दाखवलं ते ईव्ह मार्डर यांनी, तेही खेकड्यांच्या आणि लॉबस्टरच्या पोटावर. खेकड्याच्या जठराला अन्न दळण्यासाठी एक ताल लागतो, तो ताल देणारा गँग्लियन, म्हणजे न्यूरॉनचा झुपका, साधारण तीस न्यूरॉनचा. तीस! वायरिंग माहीत, पेशी ओळखीच्या, नावानिशी. त्यावर वेगवेगळी न्यूरोमॉड्युलेटर रसायनं सोडली की तेच तीस न्यूरॉन वेगवेगळे ताल देतात. एक पेटी, अनेक राग म्हणा. आणि मग त्यांच्या लॅबने २००४ मध्ये उलटं पण दाखवलं, कॉम्प्युटरवर तीन पेशींच्या सर्किटची २ कोटींहून जास्त रूपं बनवली, आतले आकडे बदलून बदलून, आणि त्यातली ढीगभर रूपं आतून एकमेकांपासून पार वेगळी असून बाहेर जवळजवळ सारखाच ताल देत होती. म्हणजे रचनेवरून काम ठरत नाही आणि कामावरून रचना ठरत नाही, दोन्ही बाजूंनी दार बंद. दहा प्राण्यांतून एकेक आकडा घेऊन त्याची सरासरी काढली तर त्या सरासरीचा प्राणी कदाचित चालणारच नाही. मी माझ्या थीसिसमध्ये सरासरीच काढली होती, अर्थात. सगळेच काढतात.

खरं तर याच कारणाने मला युरोपातल्या त्या ह्यूमन ब्रेन प्रोजेक्टबद्दल पहिल्यापासून धाकधूक होती. २०१३ ला सुरू झाला, माणसाचा मेंदू कॉम्प्युटरवर उभा करू असं सुरुवातीचं स्वप्न, आणि २०१४ मध्येच शेकडो शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून दिशा चुकतेय म्हणून सांगितलं. २०२३ मध्ये तो संपला, त्यातून मेंदूचे ॲटलास आणि सॉफ्टवेअर असं उपयोगी सामान बरंच निघालं, पण मेंदू काही उभा राहिला नाही. खालून वर बांधत गेलं की आपोआप समजेल, ही आशा मला गोड वाटते पण पटत नाही.

बरं, मग जमतं कुठे? जमलंय, आणि फार सुंदर जमलंय. डोपामिनची गोष्ट घ्या.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं जिथे तिथे वाचायला मिळतं, डोपामिन डीटॉक्स वगैरे, ते जरा बाजूला ठेवा. वोल्फ्रम शुल्ट्झ माकडांच्या डोपामिन पेशींमधून रेकॉर्डिंग करत होते. माकडाला अचानक ज्यूस मिळाला की पेशी फटाफट पेटतात, इथपर्यंत ठीक, आनंद झाला असं म्हणता येतं. पण ज्यूसच्या आधी दरवेळी एक दिवा लावला तर थोड्या दिवसांनी पेशी दिवा लागल्यावर पेटायला लागल्या आणि ज्यूस मिळाल्यावर ढिम्म. आणि दिवा लावून ज्यूस दिलाच नाही तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशींचा वेग नेहमीपेक्षाही खाली. आता नुसतं हे बघून माणूस डोकं खाजवत बसेल. ज्यूस मिळून पण आनंद नाही?

पण तिकडे कॉम्प्युटरवाले, सटन आणि बार्टो, यंत्राला बक्षिसावरून कसं शिकवायचं यासाठी आधीच एक गणित मांडून बसले होते, ज्यात शिकवणारी गोष्ट बक्षीस नसतेच, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यातला फरक असतो. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर प्लस, तेवढंच मिळालं तर शून्य, कमी मिळालं तर मायनस. शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी १९९७ मध्ये हे दोन्ही शेजारी ठेवलं आणि ते माकडाचे आलेख त्या गणिताच्या आलेखांवर जवळजवळ चपखल बसले. यंत्रासाठी मांडलेलं गणित आणि माकडाची पेशी! मला हे वाचताना दरवेळी शहारा येतो.

आणि इथेच थांबलं असतं तर मी फक्त सुंदर योगायोग म्हटलं असतं. पण मग प्रत्येक पातळीवर त्याला कोणीतरी हटकलं. फक्त सोबत दिसतं की खरंच कारण आहे, असा प्रश्न आला, तर २०१३ मध्ये ऑप्टोजेनेटिक्सने, म्हणजे पेशीत शेवाळातलं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रोटीन घालून, रॅटच्या डोपामिन पेशी नेमक्या वेळी पेटवल्या आणि जे रॅट एरवी शिकले नसते ते शिकले. माणसाचं काय, असं विचारलं तर मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये पार्किन्सनचे पेशंट घेतले, ज्यांच्या बऱ्याचशा डोपामिन पेशी मेलेल्या असतात. गणित जसं सांगेल तसंच निघालं, औषध घेतलेलं नसताना ते चुकांवरून चांगलं शिकत आणि औषध घेतल्यावर बक्षिसावरून. आणि पार्किन्सनच्या काही औषधांनी काही पेशंटना जुगाराचा नाद लागतो हे डॉक्टर बघत होतेच, नातेवाईक येऊन सांगायचे की हे कधी पत्त्याला हात न लावणारे अचानक असे कसे झाले, तर त्या कोड्याला पण इथे एक धरायला दोरी मिळाली. पेशी, गणित, वागणूक, दवाखाना. चौघांनी एकमेकांची कॉपी तपासली. आता त्या साध्या गणितात बसत नाही असंही बरंच सापडलंय, डोपामिन पेशी सगळ्या एकसारख्या नाहीत, काही हालचालीशीच जास्त बांधलेल्या, पण न बसणारं सापडतंय हेच मला चांगलं लक्षण वाटतं, ज्या थिअरीत काहीही बसतं तिचं काय करायचं.

असाच एक छोटा पण महत्त्वाचा प्रयोग म्हणजे लोगोथेटिस आणि त्यांच्या टीमचा २००१ चा. फंक्शनल एमआरआयचे रंगीत मेंदू सगळ्यांनी पाहिलेत. त्यात पेशी दिसत नाहीत, रक्त दिसतं, आणि तेही पाच-सहा सेकंद उशिरा, आणि एकेका ठिपक्यात लाखो न्यूरॉन. त्यांनी माकडाला स्कॅनरमध्ये ठेवून त्याच वेळी इलेक्ट्रोडनेही मोजलं, जे तांत्रिकदृष्ट्या भयंकर कटकटीचं आहे, आणि दाखवलं की तो रक्ताचा सिग्नल पेशी बाहेर काय पाठवतात त्यापेक्षा त्या भागात आत काय येतंय आणि काय घुसळण चाललीये त्याच्याशी जास्त जुळतो. हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर 'मेंदूचा हा भाग पेटला' अशा अर्ध्या बातम्या वेगळ्या वाचाव्या लागतील.

२०२५ मध्ये उंदराच्या दृष्टीच्या भागाचा एक घन मिलिमीटर, म्हणजे वाळूच्या कणाएवढा तुकडा, त्याचं असंच झालं. आधी उंदीर व्हिडिओ बघत असताना त्या तुकड्यातल्या ७५ हजारांच्या आसपास न्यूरॉनची हालचाल टिपली आणि मग तोच तुकडा कापून ५० कोटींहून जास्त सायनॅप्सचा नकाशा काढला. त्याच उंदराचे रस्ते पण आणि वाहतूक पण. किड्याच्या नकाशात जे नव्हतं ते इथे आहे, म्हणून मला याचं अप्रूप आहे, आकड्यांचं तितकंसं नाही.

आता थोडी कुरकुर. इंटिग्रेटिव्ह हा शब्द सध्या ग्रँटच्या अर्जात लोक मिठासारखा टाकतात, आणि मग मीटिंगमध्ये काय होतं ते मी पाहिलंय. एकदा अर्धा तास वाद चालला 'इन्हिबिशन'वर. पेशीवाल्यांसाठी इन्हिबिशन म्हणजे गाबा नावाचं रसायन सुटून पुढची पेशी शांत होणं. सायकॉलॉजीवाल्यांसाठी इन्हिबिशन म्हणजे हात उचलणार होतो पण आवरला. दोघं एकच शब्द वापरून तावातावाने बोलतायत, दोघांना वाटतंय समोरच्याला कळतंय, आणि कुणीतरी फळ्यावर दोन्हींच्या मध्ये बाण काढून मोकळं झालं. पण आवरण्यासाठी कुठेतरी पेशी पेटाव्या पण लागतात ना! 'मॉडेल'चं तेच, एकाला उंदीर अपेक्षित, दुसऱ्याला समीकरण. मला वाटतं निम्म्या इंटिग्रेशनचं काम शब्दकोश बनवण्याचं आहे आणि ते कोणाला करायचं नसतं कारण त्याचा पेपर होत नाही.

तर आत्या. तिचा प्रश्न मी शेवटी नीट धरला, मागच्या महिन्यात, आणि आधी वागणुकीच्या बाजूने वाचत गेले, स्लाइस सोडून. आणि माहीत असायला हवं होतं असं किती सापडलं! १९८७ चा एक प्रयोग आहे, लोकांना अनोळखी चेहरे दाखवून काहींना सांगितलं याचं आडनाव बेकर, काहींना सांगितलं हा बेकर म्हणजे पाव भाजणारा. शब्द तोच, पण धंदा म्हणून लक्षात राहतो आणि नाव म्हणून निसटतो. आपल्याकडे सुतार घ्या, तेच होईल. सुतार म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा, सगळं गोळा होऊन येतं, आणि सुतार आडनावाला फक्त एक चेहरा चिकटलेला असतो, त्याचा लाकडाशी काही संबंध नसतो. एकच धागा, तो सैल झाला की संपलं. वयस्कर लोकांत हे वाढतं, आणि अर्थ शाबूत असतो, आवाजाकडे जाणारा धागा तेवढा ढिला होतो, म्हणून तर पहिलं अक्षर कधीकधी आठवतं. २००४ मध्ये एक गमतीशीर प्रयोग झाला, वयस्कर लोकांकडून आधी 'पिट' हा शब्द वदवून घेतला, इंग्रजीत चेरीच्या बीला म्हणतात तो, तर थोड्या वेळाने ब्रॅड पिटचा फोटो बघून नाव जास्त वेळा आलं. आवाजाच्या धाग्याला हलका धक्का दिला, बास. डाव्या टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, टोकाला इजा झाली तर खास विशेषनामंच अडतात हे पेशंटमध्ये दिसलेलं, आणि २००७ मध्ये स्कॅनवरून असं दिसलं की नाव ओठांवर येऊन अडण्याचं प्रमाण डाव्या इन्सुला नावाच्या भागातल्या ग्रे मॅटरशी, म्हणजे पेशी दाटलेल्या थराशी, जुळतं, ते कमी तर अडणं जास्त. इन्सुला आवाज जुळवण्याच्या कामात असतोच.

मी फोन करून हे सगळं तिला सांगितलं, सुतारासकट. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तो धागा ढिला होतो, तो तुझ्या त्या काचेच्या नळीत दिसतो का?"

मी हो म्हणणारच होते, सायनॅप्स म्हणजे धागाच की, सायनॅप्स ढिला होतो हे तर मी दोन वर्षं पाहिलंय. आणि जीभ चावली, कारण हे इन्हिबिशनसारखंच झालं असतं. सायकॉलॉजीवाल्यांचा धागा कागदावरचा आहे, शब्द आणि आवाज यांच्यामधला, आणि माझा धागा दोन पेशींमधला, आणि मध्ये इन्सुला, टेम्पोरल लोब, लाखो लाख पेशी, त्या कशा एका आडनावाला धरून ठेवतात ती पायरी भरलेली नाहीये अजून.

"नाही दिसत," मी म्हणाले. "वरचं माहितीये, खालचं माहितीये, मधलं नाही."

"मग मधलं बघा की," आत्या म्हणाली. "दोन वर्षं नळी काय ओढत बसलीस?"